पौष्टिक खाऊनही रक्त कमी का? – जेवणानंतरच्या चहाबद्दल

कवडसा (धागाकर्ती)

तीन आठवड्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं. बायकांचं किमान १२ हवं. रिपोर्ट हातात घेऊन मी दोनदा नाव तपासलं, माझाच होता.

धक्का बसायचं कारण असं की घरात खाण्यापिण्याबाबत सगळ्यांत काटेकोर मीच. रोज डाळ किंवा कडधान्य, आठवड्यातून तीन-चारदा पालेभाजी, बीट, खजूर, मनुका. जिना चढताना धाप लागायची, केस मुठीने गळायचे, दुपारी डोळे मिटायचे. हे सगळं मी वय आणि काम यांच्या खात्यावर टाकलं होतं.

डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं, ते ८ आलं. फेरिटिनवरून शरीरात लोह किती साठलंय ते कळतं. १५ च्या खाली गेलं की साठा संपलाच समजायचा. त्यांनी आधी पाळीबद्दल विचारलं, शौचावाटे रक्त जातं का विचारलं, ॲसिडिटीच्या गोळ्या घेता का विचारलं. मग म्हणाले, "चहा कधी पिता?" मी म्हटलं, सकाळी खाण्याबरोबर आणि दोन्ही जेवणं झाली की लगेच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

घरी येऊन मी यावर बरंच वाचलं. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स (आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो) आतड्यात लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात शिरत नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कप भर कॉफी दिली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा दिला तर ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी दिली तेव्हा काहीच फरक पडला नाही. पण जेवणानंतर तासाभराने दिली तेव्हा बरोबर दिल्याइतकंच नुकसान झालं! मी वर्षानुवर्षं ताटातलं लोह मोजत होते आणि त्यावर दिवसातून तीनदा चहा ओतत होते.

लोहाच्या गोळ्या सुरू आहेतच. चहा जेवणापासून दोन तास लांब ठेवायला सांगितलंय. पण आता मला रोजच्या सगळ्याच खाण्याकडे नव्याने बघायचंय. पदार्थात काय आहे हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यातलं अंगाला किती लागतं, कशाबरोबर लागतं आणि कशामुळे वाया जातं, हे कुणी नीट सांगेल का? अनुभव असतील तर तेही लिहा.

---

पानगळ

कवडसाताई, तुम्ही माझीच गोष्ट लिहिलीत. माझं १०.२ होतं. मी तर रोज सकाळी बिटाचा रस घ्यायचे, तोही चहाच्या जोडीने. बिटाने रक्त वाढतं ना? मग चार महिन्यांत तसूभरही का वाढलं नाही?

---

निळीशाई

आहारशास्त्र हा माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानगळ, बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम असतं. बिटाचा खरा गुण वेगळाच आहे: त्यातल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. म्हणजे बीट चांगलंच, फक्त ज्या कामासाठी आपण ते खातो ते काम त्याचं नाही.

आता हिशोब बघा. पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला ८. हे आकडे मिश्र आहाराचे आहेत. फक्त शाकाहार असेल तर १.८ पट धरायला सांगतात, म्हणजे बाईसाठी जवळजवळ ३२. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण ३.३ मिलिग्रॅम मिळतं, कच्च्या पालकात २.७. आकडा गाठणं किती अवघड आहे ते यावरून कळेल.

शाकाहारींसाठी जास्त का? लोह दोन प्रकारचं असतं. मांस-मासळीतलं हीम लोह, त्यातलं १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. धान्य, डाळी, भाज्या, सुकामेवा यांतलं दुसऱ्या प्रकारचं, ते २ ते २० टक्क्यांच्या मध्ये कुठेही. दोनपासून वीसपर्यंत, एवढा मोठा फरक! तो बराचसा त्याच ताटात आणखी काय आहे यावर ठरतो आणि शरीराला किती गरज आहे यावरही. चहा-कॉफी त्याला खाली खेचतात. डाळी आणि धान्यांच्या सालातलं फायटेटही खेचतं. वर उचलणारं सगळ्यांत हाताशी असलेलं काय, तर क जीवनसत्त्व. ते लोहाचं रूप बदलून आतड्याला घेता येईल असं करतं आणि फायटेटच्या तावडीतून सोडवतं.

पण क जीवनसत्त्व त्याच जेवणात असायला हवं. सकाळी खाल्लेलं संत्रं रात्रीच्या डाळीच्या उपयोगाचं नाही. आणि ते उष्णतेने नासतं, पाण्यात उतरतं. म्हणून लिंबू डाळ उकळताना नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं. संत्र्यात १०० ग्रॅमला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, लाल ढोबळी मिरचीत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पेरूत २०० च्या वर. जेवणानंतर चहाऐवजी पेरूच्या चार फोडी, एवढा एकच बदल केलात तरी चालेल.

फायटेटसाठी कडधान्य भिजवणं, मोड आणणं, पीठ आंबवणं. बी रुजायला लागलं की त्यातलंच एक विकर (एन्झाइम) फायटेट मोडत जातं. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

---

उंबरठा

वाचनखूण साठवली. पालकाबद्दल आणखी सांगाल का? लहानपणापासून 'पालक खा, रक्त वाढेल' हेच ऐकलंय.

---

निळीशाई

पालकात लोह आहे, पण ते फारसं सुटत नाही. त्यात पॉलिफेनॉल्स आहेत. कॅल्शियमच्या बाबतीत तर ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे त्यातलं पाचेक टक्केच शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. तरी पालक सोडू नका. फोलेट (हे ब जीवनसत्त्वांपैकी एक), क जीवनसत्त्व (हलका शिजवला तर), के जीवनसत्त्व, तंतू, सगळं त्यात भरपूर आहे. फक्त लोहासाठी एकट्या पालकावर भिस्त ठेवू नका.

---

कवडसा

मोजमाप कळल्यावर किती सोपं वाटतंय! एक शंका. संत्र्याचा रस चालेल का? कापायला वेळ नसतो तेव्हा रस बरा पडतो.

---

निळीशाई

लोहापुरतं विचाराल तर चालेल, जेवणाबरोबर छोटा पेला. पण सवय म्हणून नको. रसातल्या साखरेला जागतिक आरोग्य संघटना 'मुक्त साखर'च मानते, वरून घातली नसली तरी. दिवसाच्या एकूण उष्मांकापैकी १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ती ठेवा असं त्यांचं सांगणं आहे. अख्ख्या फळात तीच साखर तंतूंच्या जाळ्यात असते, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. एका पेल्यासाठी तीन-चार संत्री लागतात. तेवढी एका बैठकीत आपण खात नाही.

---

काचपट्टी

मी प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर लोकांच्या रक्तपेशी बघतो, म्हणून एक कळकळीचं सांगणं. हिमोग्लोबिन कमी आलं की लोक थेट लोहाच्या मागे लागतात. त्याच रिपोर्टात खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो बघा. ते तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, आकडा ८० च्या खाली जातो. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, आकडा १०० च्या वर जातो. आणि दोन्ही एकदम कमी असली तर? लहान-मोठ्यांची सरासरी निघून आकडा चक्क नॉर्मल दिसू शकतो. म्हणून फक्त एक आकडा बघून निश्चिंत होऊ नका, डॉक्टरांना पूर्ण रिपोर्ट दाखवा.

बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं, नाहीतर ते वरून मिसळलेल्या पदार्थांतून किंवा गोळ्यांतून. कितीही पालेभाजी खाल्ली तरी ते भरून निघत नाही. त्याची कमतरता नसांवरही घाला घालते. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं रक्त कमी दिसायच्या आधीही येऊ शकतात.

अवांतर: १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी रुग्णांना रोज यकृत खायला घालून तोवर जीवघेणा ठरणारा रक्तक्षय आटोक्यात आणला. १९३४ चं नोबेल त्यांना व्हिपल या तिसऱ्या संशोधकाबरोबर मिळालं. त्या यकृतात नेमकं काय होतं, म्हणजे बी-१२, हे १९४८ मध्ये वेगळं काढता आलं. खाण्याने जीव वाचतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

---

सावरी

मला इथे एक लिहायचंय. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या वडिलांचं हिमोग्लोबिन १०.१ आलं होतं. पुरुषांचं किमान १३ हवं. आम्ही घरच्यांनी ठरवलं, वय झालंय, खाणं कमी झालंय, रक्त वाढेल असं खायला घालू. खजूर, अंजीर, डाळिंब, बीट. आई रोज वाट्या भरून ठेवायची. बाबा तक्रार न करता खायचे. सहा महिने आम्ही हे केलं. थकवा वाढत गेला. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "पाळी नाही, बाळंतपण नाही, मग या माणसाचं लोह गेलं कुठे?" शौचाची तपासणी, मग दुर्बिणीने आतड्याची तपासणी. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. थेंब थेंब रक्त जात होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

ऑपरेशन झालं, बाबा आज आहेत. पण ते सहा महिने मला अजून टोचतात. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी आलं तर कृपा करून स्वयंपाकघरात उत्तर शोधत बसू नका. आधी ते जातंय कुठे हे शोधा.

---

कवडसा

सावरी, लिहिलंत हे फार बरं केलंत. बाबांना नमस्कार सांगा. माझ्या डॉक्टरांनी चहाच्या आधी ते सगळे प्रश्न का विचारले, हे मला आत्ता कळलं. मूळ लेखातही मी ही ओळ वर घालते.

---

रात्रपाळी

सावरींच्या प्रतिसादानंतर कॉफीवर लिहायला जरा संकोच वाटतोय, पण धागा वाचून लोक चहा-कॉफी बंदच करतील असं वाटलं म्हणून लिहितो. मी रात्रपाळी करतो, कॉफीशिवाय माझं चालत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बरंच वाचून ठेवलंय.

कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचा सिरॉसिस आणि टाइप-२ मधुमेह कमी आढळतो, हे अनेक मोठ्या पाहण्यांत दिसलंय. पाहणी म्हणजे पुरावा नव्हे हे मान्य, कारण कॉफी पिणारे आणि न पिणारे बाकी बाबतींतही वेगळे असतात. पण ती घातक नाही एवढं नक्की म्हणता येतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चिंता नाही असं सांगितलं, गरोदरपणी २०० पर्यंत.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, झोप. अर्धं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं रात्री अकरालाही रक्तात फिरत असतं. 'मला कॉफी घेऊनही झोप लागते' म्हणणाऱ्यांची झोप लागते, पण ती उथळ असू शकते. दुसरं, तापमान. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये कॉफीवरचा जुना संशय काढून घेतला, पण ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असं नोंदवलं. पेय कुठलं का असेना, पाणीसुद्धा. तेव्हा कप हातात आल्यावर पाच मिनिटं थांबा.

---

निळीशाई

सहमत. चहाचंही तेच. लोहाला अडवणारी ती पॉलिफेनॉल्स हृदयाच्या दृष्टीने चांगली मानली जातात. पदार्थ तोच, फक्त वेळ बदलायची. ज्यांच्या शरीरात लोह जास्त साठण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्यांच्यासाठी तर जेवणाबरोबरचा चहा उलट बराच. एकाचं औषध दुसऱ्याचं पथ्य असतं, म्हणून 'हा पदार्थ चांगला का वाईट' असं विचारण्यापेक्षा 'माझ्यासाठी, कधी आणि किती' असं विचारा.

---

अंगणपाखरू

माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा. जेवायला त्रास देतो म्हणून दूध भरपूर द्यायचो, दिवसाला लिटरभर तरी. दूध म्हणजे पूर्णान्न, अशी आमची पक्की समजूत. तो फिका दिसायला लागला, माती खायला लागला. तपासलं तर लोह कमी. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या की दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यातलं कॅल्शियम बाकीचं लोहही अडवतं, आणि पोट दुधानेच भरल्यावर तो जेवणार कधी? आता दिवसाला अर्धा लिटर, तेही जेवणापासून लांब. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचंच नाही, हेही तेव्हाच कळलं. महिन्याभरात तो ताटाकडे हात पसरायला लागला. माती खाणं थांबलं.

लहान मुलांच्या आईवडिलांनी एवढं जरूर तपासून बघा.

---

जुनापूल

ज्येष्ठांसाठी एक. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी 'पालेभाज्या आरोग्याला चांगल्या' हे वाचून एकदम खाणं वाढवू नये. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. बंदही करू नये. रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावं, म्हणजे डोस बसलेला राहतो. मी स्वतः सात वर्षं हेच करतोय. ग्रेपफ्रूट नावाचं फळ तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम कितीतरी पट वाढवतं, कारण आतड्यात औषध मोडणारं विकर ते निकामी करतं. नवीन औषध सुरू होताना 'याबरोबर काय खायचं नाही' हा प्रश्न विचारायला विसरू नका.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळी, संत्री, बटाटे, टोमॅटो यांतलं पोटॅशियमही डॉक्टरांना विचारूनच.

---

उंबरठा

आणि पाणी? रोज आठ पेले हवेतच का?

---

निळीशाई

तहान, हवा, काम यांवर अवलंबून. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका मंडळाने प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी पुरे असं लिहिलं होतं, आणि लगेच पुढे त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं असंही. ते पुढचं वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर तुमचं ठीक चाललंय. मुतखडा झालेल्यांना मात्र मुद्दाम जास्त प्यावं लागतं.

---

कवडसा (तीन महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण आज रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.९, फेरिटिन २२.

गोळ्यांबद्दल सांगायचं राहिलं होतं. मळमळ फार व्हायची म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड केल्या. मला वाटलं, निम्म्याच घेतल्या तर निम्माच गुण येईल. त्यांनी समजावलं की लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा दिवसभर आतडं लोहाला दार लावून घेतं. एक दिवस मध्ये सोडला की दार पुन्हा उघडतं, त्यामुळे प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं. मळमळही थांबली.

त्यामुळे हा फरक गोळ्यांचा किती आणि खाण्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही, आणि गोळ्यांचाच मोठा असणार. पण जिना आता एका दमात चढते. डाळीवर लिंबू, जेवणानंतर पेरू किंवा संत्रं, कडधान्याला मोड, हे सगळ्या घराचंच झालंय. चहा सकाळी उठल्या उठल्या एक आणि दुपारी चारला एक. पहिला आठवडा जेवण झाल्यावर हात आपोआप पातेल्याकडे जायचा, मुलगी आठवण करून द्यायची.

काचपट्टी, तुम्ही म्हणालात म्हणून बी-१२ ही तपासून घेतलं. तेही कमी निघालं. इंजेक्शनं परवापासून सुरू.